चार खुर्च्यांची गाठ

गोष्ट १९९६ सालच्या जानेवारीतली. मी तेव्हा नागपुरातल्या एका शाळेत शिकवत होते आणि स्नेहसंमेलनाच्या कामांच्या यादीत माझं नाव ‘बैठक व्यवस्था’ या सदरापुढे लिहिलेलं होतं. बैठक व्यवस्था म्हणजे तरी काय? बिछायत केंद्रवाल्याला खुर्च्या किती, सतरंज्या किती, पाहुण्यांसाठी सोफे किती हे सांगायचं आणि संध्याकाळी ते मोजून घ्यायचं. एरवी अर्ध्या तासाचं काम. त्या वर्षी मात्र एका विद्यार्थ्याचे वडील सकाळीच मैदानावर हजर झाले. ते अग्निशमन खात्यात होते. हातात सुतळीचे चार-पाच गुंडे. म्हणाले, “बाई, खुर्च्या चार-चार एकत्र बांधून घ्या. शेजारच्या पायाला पाय.”

बिछायत केंद्राचे मालक तिथेच उभे होते. त्यांनी कपाळावर हात मारला. “बापा! खुर्च्या म्हंजे काय ढोरं हायेत का, दावणीले बांधाले?”

सगळे हसले. मीही हसले. ते गृहस्थ मात्र हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “पेपर वाचता ना?”

वाचला होता. सगळ्यांनीच वाचला होता. जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी, २३ डिसेंबर १९९५ रोजी, हरियाणातल्या डबवाली गावात एका शाळेचा वार्षिक समारंभ चालू होता. लग्नाच्या कार्यालयाच्या आवारात मंडप घातला होता. छताला कृत्रिम धाग्याचं कापड. मुलं रंगमंचावर, आईवडील समोर खुर्च्यांवर. आग लागली आणि काही मिनिटांत सगळं छत पेटून खाली आलं. बाहेर पडायला वाट एकच. चारशेहून अधिक माणसं गेली. त्यांत बहुतेक मुलं आणि स्त्रिया होत्या. म्हणजे आमच्याच मैदानावरचं चित्र, तेच दिवस, तीच गर्दी, तशीच नटलेली मुलं. त्या वर्षी देशभरात कितीतरी शिक्षकांनी आपल्या मंडपाकडे मान वर करून पाहिलं असेल. मीही पाहिलं. पण खाली, खुर्च्यांकडे पाहायचं मला सुचलं नव्हतं. आग वर लागते, मग खुर्च्यांचा काय संबंध, असंच मला वाटत होतं.

तो संबंध समजून घ्यायला मला पुढे बरीच वर्षं लागली. त्या निमित्ताने जे वाचलं, पाहिलं आणि विचारलं ते आज सांगायचं आहे.

सभेला किंवा नाटकाला माणूस काय पसरून, कशावर बसतो, याचा आपल्याकडचा इतिहास कुणी सलग लिहिलेला नाही. पण त्यातलं एक पान नागपूरचं आहे. डिसेंबर १९२० मध्ये इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. विजयराघवाचार्य अध्यक्ष, जमनालाल बजाज स्वागताध्यक्ष. असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झालं ते इथेच. आजचं काँग्रेसनगर हे नाव त्या अधिवेशनाची आठवण सांगतं. चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी आले होते. तोवरच्या कुठल्याच अधिवेशनाला एवढे प्रतिनिधी आलेले नव्हते. त्या सगळ्यांसाठी खुर्च्या-बाकांची सोय केली होती आणि त्यावर सुमारे सत्तर हजार रुपये खर्च झाला, अशी नोंद पट्टाभि सीतारामय्यांच्या काँग्रेसच्या इतिहासात आहे. १९२० सालचे सत्तर हजार! पुढच्याच वर्षी अहमदाबादच्या अधिवेशनात खुर्च्या आणि बाकं सरळ काढून टाकली. खादीचा मंडप आणि खाली बैठक. कारण अर्थातच साधेपणाचं आणि काटकसरीचं होतं, आगीचं नव्हतं. पण आगीच्या नजरेनं पाहिलं तर त्या एका वर्षात गर्दीची सगळी रीतच बदलली. खाली बसलेला माणूस उठला की त्याच्या मागे अडथळा म्हणून काही उरत नाही. सतरंजी उलटत नाही, कुणाच्या पायात अडकून त्याला पाडत नाही. तोटाही आहेच. खाली बसलेली माणसं दाटीनं बसतात, मधे वाट म्हणून काही राहत नाही, आणि म्हातारं माणूस पटकन उठू शकत नाही, ते तुडवलं जातं. मला विचाराल तर सतरंजी बरी की खुर्ची, हा वाद निरर्थक आहे. वाट ठेवली होती की नाही, एवढंच विचारावं.

हे वाटेचं प्रकरण जगाला फार महागात पडून कळलेलं आहे. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरात दुपारचा खेळ होता. नाताळच्या सुटीतला, त्यामुळे बायका-मुलांची गर्दी. नवं कोरं नाट्यगृह, आग लागूच शकत नाही अशी जाहिरात झालेलं. रंगमंचावरच्या दिव्याची ठिणगी पडद्याला लागली. आग अडवण्यासाठी बसवलेला ॲस्बेस्टॉसचा पडदा खाली येताना मधेच अडकला. बाहेर पडायची दारं होती, पण काही कुलूपबंद आणि काही सुंदर पडद्यांआड झाकलेली. काही दारं आतल्या बाजूला उघडणारी होती, त्यामुळे गर्दीचा दाब जितका वाढला तितकी ती अधिक घट्ट मिटली. सहाशेहून अधिक माणसं मेली. सिनेमागृहाच्या दाराला आडवी दांडी असते, पोटाचा किंवा हाताचा धक्का लागला की दार बाहेरच्या बाजूला उघडतं, ती दांडी या आगीनंतर रूढ झाली. आपण तिला टेकून आइस्क्रीम खातो.

आपल्याकडे मात्र नाटकाबाबत सरकारचं लक्ष आधी वेगळ्याच आगीकडे गेलं. १८७६ साली नाट्यप्रयोगांचा कायदा झाला, तो संहितेतल्या वाक्यांवर डोळा ठेवण्यासाठी. नाटकातले शब्द भडक आहेत का, हे तपासायला अधिकारी होता. प्रेक्षक कुठून बाहेर पडणार, हे त्या कायद्याला विचारायचं नव्हतं. मुंबईत १९६० साली करमणुकीच्या जागांसाठी पोलिसांचे नियम झाले, त्यांच्या नावातच मेळे आणि तमाशे आहेत. म्हणजे कनातीतल्या खेळालाही परवाना लागेल, हे तिथे मान्य झालं. पण नियम मुंबईचे. आमच्या पूर्व विदर्भात, भंडारा-चंद्रपूर-गडचिरोलीकडे, दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं रात्र-रात्र चालतात. कडाक्याची थंडी, तणस, कापडी मंडप, हजारोंची गर्दी. त्या प्रेक्षकांची राखण बहुतेक वेळा गावातल्या जाणत्या मंडळींनी आणि नशिबानेच केली असं मला वाटतं.

आणि पक्क्या भिंतींनी भागतं असंही नाही. कोल्हापूरला शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर १९१५ मध्ये सुरू झालं. पुढे त्याला केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. लाकडी रंगमंच, पडदे, छत, खुर्च्या, सगळं गेलं. उरल्या त्या दगडी भिंती. त्या रात्री आत प्रयोग नव्हता म्हणून माणसं वाचली. दुसऱ्या दिवशी कलावंत बाहेर उभे राहून रडत होते, ते दृश्य अनेकांनी टीव्हीवर पाहिलं. मी मात्र फोटोत काळ्या पडलेल्या खुर्च्यांच्या रांगांकडे पाहत होते. सवयच लागली आहे.

आता पुन्हा नागपूरकडे येते. आपल्या शहराची ओळख सांगताना आपण संत्री सांगतो, दीक्षाभूमी सांगतो, हल्ली मेट्रोही सांगतो. पण देशभरातले अग्निशमन अधिकारी जिथे शिकून तयार होतात ते राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय सिव्हिल लाइन्सजवळ आहे, हे कितीजणांना ठाऊक असतं? १९५६ साली ते उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालं आणि १९५७ मध्ये नागपूरला आलं. तेव्हापासून कुठल्याही राज्यात एखादा मोठा अधिकारी आगीच्या ठिकाणी पोहोचला, की त्याने कधीतरी नागपूरच्या उन्हात कवायत केलेली असण्याची शक्यता बरीच. आमच्या त्या पालकांचंही शिक्षण तिथलंच. त्यांनी मला एक झेरॉक्स दिली होती, ती माझ्याकडे अजून आहे. भारतीय मानक ब्यूरोचं मानक, क्रमांक आयएस ८७५८, तात्पुरते मंडप उभारताना आगीपासून घ्यायची काळजी, आवृत्ती १९९३ ची. म्हणजे डबवालीच्या दोन वर्षं आधीची.

ते वाचताना मला पहिल्यांदा कळलं की कुणीतरी प्रेक्षकाच्या गुडघ्यांचा विचार केलेला आहे. दोन्ही बाजूंना वाट असेल तर एका रांगेत बारापेक्षा जास्त खुर्च्या नकोत. एकाच बाजूला वाट असेल तर सहाच. हा आकडा कुठून आला? कागदावर रांग काढून पाहा. बाराच्या मधोमध बसलेल्याला जवळच्या बाजूने जायचं तर पाच जणांना ओलांडावं लागतं. सहाच्या रांगेत भिंतीकडे बसलेल्यालाही पाचच. कुणालाही पाच माणसांपलीकडे वाट शोधावी लागू नये, एवढा साधा हिशेब. दहा रांगा झाल्या की मधे दीड मीटरची आडवी मोकळी पट्टी. मंडपातून बाहेर पडायच्या जागेपर्यंत पंधरा मीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये. छत तीन मीटरपेक्षा खाली नको. विजेच्या तारांखाली मंडप नको. कृत्रिम धाग्याचं कापड नको, तशी दोरीही नको. दोर हवा तो काथ्याचा किंवा मनिलाचा.

आणि खुर्च्या किमान चार-चार एकत्र जखडलेल्या हव्यात.

का, ते त्यांनी मला मैदानावरच करून दाखवलं होतं. एक सुटी खुर्ची घेतली आणि गुडघ्याने ढकलली. ती मागे पडली, चारही पाय वर. “आता अंधार आहे, धूर आहे, आणि मागून शंभर माणसं येताहेत असं समजा.” मग चार बांधलेल्या खुर्च्या ढकलल्या. त्या करकरल्या, थोड्या सरकल्या, पण उभ्या राहिल्या. सुटी खुर्ची पडते आणि जिथे वाट होती तिथे सापळा तयार होतो. पहिला माणूस त्यात अडकतो, दुसरा त्याच्यावर पडतो. धूर माणसाला गाठतो तो अशा ठिकाणी. वाट आखणं सोपं असतं, ती शेवटच्या माणसापर्यंत वाट म्हणून टिकवणं कठीण. त्यासाठी ही गाठ.

त्या मानकात एक कृतीही आहे, स्वयंपाकाच्या पुस्तकात शोभेल अशी. अमोनियम सल्फेट चार भाग, अमोनियम कार्बोनेट दोन, टाकणखार एक, बोरिक ॲसिड एक, तुरटी दोन आणि पाणी पस्तीस भाग. या पाण्यात सुती कापड बुडवून वाळवलं की ते सहजी पेट घेत नाही. काळं पडतं, कोळसा होतो, पण ज्वाळा धरत नाही. यातलं अमोनियम सल्फेट म्हणजे आपल्या शेतकऱ्याचं खत. तुरटी प्रत्येक न्हाव्याकडे आणि टाकणखार किराणा दुकानात. म्हणजे महाग काहीच नाही. दोन अडचणी मात्र आहेत. हे सगळे क्षार पाण्यात विरघळणारे, त्यामुळे कापड धुतलं किंवा पाऊस पडला की औषध गेलं, पुन्हा बुडवायचं. दुसरी अडचण अशी की हा उपाय सुती कापडाचा. मंडपवाल्यांचं सुती कापड केव्हाच मागे पडलं. चकचकीत, हलकं, न चुरगळणारं पॉलिएस्टर आलं. ते नुसतं जळत नाही, वितळतं, आणि पेटलेले थेंब खाली टपकतात. डबवालीच्या छताखाली बसलेल्यांवर तेच पडलं.

कापडासारखीच खुर्चीही बदलली. आमच्या लहानपणी समारंभाला लोखंडी घडीच्या खुर्च्या असत. बोट चेमटलं की रात्रभर ठणकायचं, पण त्या जळत नसत. नव्वदच्या दशकात एकाच साच्यातून काढलेली प्लास्टिकची खुर्ची आली आणि तिने गावोगावचे मंडप जिंकले. एका हातात चार उचलता येतात, एकावर एक रचता येतात, स्वस्त. पण ती पॉलिप्रॉपिलीनची. पेटली की वितळून वाहते. शिवाय इतकी हलकी की नुसत्या धक्क्याने उलटते. चार-चार बांधायची गरज लोखंडी खुर्चीपेक्षा तिला जास्त.

आणि सोफा! पहिल्या रांगेतले पाहुण्यांचे सोफे, लग्नाच्या स्वागत समारंभातली ती राजा-राणीची गुबगुबीत आसनं. त्यांच्या पोटात असतो पॉलियुरेथेन फोम. तो पेटला की भराभर पसरतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतं. ८ मे १९७९ रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या वूलवर्थ दुकानात फर्निचरच्या विभागात आग लागली आणि दहा माणसं मेली. त्यानंतरही नियम पक्के व्हायला १९८८ साल उजाडलं. सिगारेटने आणि काडीने पेटवून पाहायचं, टिकला तरच सोफा विकायचा. आपल्या मानक ब्यूरोनेही घराबाहेरच्या, म्हणजे सार्वजनिक वापराच्या गादीदार फर्निचरसाठी आयएस १५७६८ हे मानक केलं आहे. पण भाड्याने आलेल्या सोफ्याला त्याच्या पोटात काय आहे, हे विचारणारा यजमान मी अजून पाहिलेला नाही. रंग जुळतो का, हे मात्र सगळे विचारतात.

महाराष्ट्राने आग प्रतिबंधाचा आणि जीवसंरक्षणाचा स्वतंत्र कायदा २००६ साली केला. तो ६ डिसेंबर २००८ पासून लागू झाला. त्यानंतर मोठ्या कार्यक्रमांना अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला वगैरे गोष्टी अंगवळणी पडल्या. तरी १४ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबईत गिरगाव चौपाटीवर ‘मेक इन इंडिया’ सप्ताहातल्या महाराष्ट्राच्या कार्यक्रमात मुख्यमंत्री, राज्यपाल, नामवंत कलाकार समोर असताना लावणी चालू होती आणि रंगमंच पेटला. बघता बघता सगळा रंगमंच ज्वाळांत गेला. एकही जीव गेला नाही. जागा उघडी होती, वर छत नव्हतं, बंब हाताशी होते. तीच आग चारी बाजूंनी कनात लावलेल्या एखाद्या बंद मंडपात लागली असती तर, हा विचार माझ्या मनात आल्याशिवाय राहिला नाही. त्याच्या दहा वर्षं आधी, १० एप्रिल २००६ ला, मेरठच्या व्हिक्टोरिया पार्कात प्रदर्शनाचे मंडप जळाले तेव्हा साठाहून अधिक लोक गेले होते.

आमच्या संमेलनाचं काय झालं, ते सांगायचं राहिलं.

मुख्याध्यापकांनी निर्णय दिला. खुर्च्या बांधायच्या. मालकांची दोन पोरं, दोन शिपाई आणि आठवीतले काही दांडगे मुलगे कामाला लागले. पहिल्या दहा रांगा झाल्या आणि सुतळी संपली. रविवार होता, दुकान बंद. मागच्या पाच रांगा तशाच सुट्या राहिल्या. मी मालकांना म्हटलं, “राहू द्या आता.” माझाही कंटाळा होता त्यात, हे कबूल करते.

रात्री सातवीच्या मुलींचं कोळीनृत्य चालू असताना रंगमंचाच्या बाजूच्या खांबावर फ्यूज उडाला. मोठी ठिणगी, फट्‌ असा आवाज आणि सगळा अंधार. आग लागलीच नाही. पण कुणीतरी ओरडलं, “आग! आग!” आणि पंधराच्या पंधरा रांगा एकदम उभ्या राहिल्या. अंधारात मला काही दिसत नव्हतं, फक्त आवाज येत होते. पुढून खुर्च्या करकरल्याचे, मागून धडाधड पडल्याचे. दोन-तीन मिनिटांत कुणीतरी गॅसबत्ती आणली. त्या उजेडात पाहिलं, तर पुढचे लोक मधल्या वाटेने बाजूला जाऊन उभे होते आणि खुर्च्या थोड्या वाकड्यातिकड्या पण जागेवर होत्या. मागच्या पाच रांगांचा ढीग झाला होता. त्या ढिगात एक आजीबाई बसकण मारून बसल्या होत्या, त्यांचा एक पाय खुर्चीच्या हातात अडकलेला. दोघांनी मिळून सोडवला. घोटा सुजला होता, बाकी ठीक होतं. आजी म्हणाल्या, “नात नाचू राह्यली होती, तिचा नाच पुरा करा आधी.” वीज आली, नाच पुन्हा पहिल्यापासून झाला.

ते अग्निशमनवाले पालक त्या रात्री कामावर होते, त्यांना हे काही पाहता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “मागच्या रांगा का सोडल्या?” सुतळी संपली, असं मी म्हटलं. ते काही बोलले नाहीत.

गाठी सोडवायला बिछायत केंद्राच्या पोरांना मध्यरात्र उलटून गेली. मालकांनी आठवड्याभरानं बिल आणून दिलं. खुर्च्या, सतरंज्या, सोफे, कनाती, आणि सगळ्यात खाली वेगळ्या शाईत लिहिलेलं, ‘खुर्च्या बांधणी-सोडणी, मजुरी वेगळी.’ मुख्याध्यापकांनी मुकाट्याने सही केली. पुढच्या वर्षी मालक आले तेव्हा त्यांच्या टेम्पोत खुर्च्यांच्या आधी काथ्याची दोन वेटोळी उतरली. मला पाहून म्हणाले, “मोजून घ्या बाई. यंदा पंधरा रांगांले पुरते.”